दस्तगीरचाचांच्या बागेतला शुक्रवार

माझ्या बायकोला यातलं अर्धं ठाऊक होतं. ती गेली. उरलेलं अर्धं मी तिलाही सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगू? एकटा असतानासुद्धा ते शब्द मी कधी तोंडातून काढले नाहीत. आज तुमच्यापुढं काढतोय. का, ते विचारू नका. तुम्ही मधूनच उठून जाणार नाही असं वाटतंय, एवढंच.

आधी झाडांचं सांगतो. मुद्दा टाळतोय म्हणाल—तर व्हय, टाळतोय.

निजामाच्या राज्यात मी धाराशिवला शाळेत मास्तर होतो. तेव्हा सुट्टी शुक्रवारची असे. दर शुक्रवारी सकाळी सायकल काढायची आणि बेंबळीची वाट धरायची, हा माझा सात-आठ वर्षांचा नेम. गावाच्या अलीकडं ओढा होता आणि ओढ्याच्या या काठाला दस्तगीरचाचांची बाग. बाग म्हणजे आंब्या-पेरूची नव्हे. ठेंगण्या झाडांची. वड, पिंपळ, उंबर, चिंच—उंची हातभर, पण खोड बघाल तर म्हाताऱ्याच्या मनगटासारखं गाठीगाठीचं. आता शहरांत त्याला बोन्साय म्हणतात. आमच्या कानांवर तो शब्द तेव्हा आला नव्हता. चाचा तरुणपणी हैद्राबादला एका नवाबाच्या बागेत माळी होते, तिथं कुणा परदेशी माणसाच्या हाताखाली हे शिकले. गावी परत आले आणि जन्मभर दुसरं काही केलं नाही. लोक हसायचे. जे झाड ना सावली देतं ना फळ, ते पोसायचं कशाला?

मी मात्र पहिल्या दिवशीच अडकलो. चाचा जुन्या विहिरींच्या आणि नळदुर्गच्या किल्ल्याच्या भिंतींतून उगवलेली रोपं काढून आणायचे. आमची काळी माती कुंडीत चिखल करते, म्हणून विटांचा चुरा, ओढ्याची वाळू आणि जुनं शेणखत चाळून स्वतःची माती बनवायचे. फांदी वाकवायची तर तिला सुतळीनं लहान दगड बांधायचे आणि महिनोन्महिने वाट बघायचे. मी घाई केली की म्हणायचे, "मास्तर, दगडाला काम करू द्या की. तुमचं काम फकस्त बघायचं."

मी त्यांना गिऱ्हाईकं आणली. वकील, डॉक्टर, शाळेतले सोबती—ज्याच्या घरी ओटा असेल त्याला गळ घातली. बेंबळीच्या कुंभाराला उथळ कुंड्या कशा करायच्या ते चित्र काढून दाखवलं. बागेच्या फाटकावर मराठीत आणि उर्दूत पाटी लिहून दिली. आणि चारचौघांत म्हणायचो, "ती बाग माझ्यामुळं टिकलीय." चाचांच्या देखत म्हणायचो. ते हसून मान हलवायचे. केवढा मोठा समजत होतो मी स्वतःला!

माझी एक वही होती. कोणत्या झाडाची मुळं कधी छाटली, कुंडी कधी बदलली, सगळं तारीखवार. या वहीचं लक्षात ठेवा.

अठ्ठेचाळीस सालच्या श्रावणातला एक शुक्रवार. रझाकारांचे दिवस. लोक तिन्हीसांजेच्या आत दारं लावून घेत. घरचे नको म्हणत होते तरी मी बेंबळीला गेलो, कारण वडाची मुळं छाटायची होती आणि पावसाळा सरला असता तर वर्ष वाया गेलं असतं. मी पोचलो आणि पावसानं जी झड धरली ती दिवसभर. ओढा दोन्ही काठांनी भरून चालला. चाचांना पलीकडं मशिदीत जाता येईना. त्यांनी दुपारची नमाज बागेतल्या छपराखालीच पढली, मी तोवर मुळांवर ओलं पोतं धरून बसलो. चाची मुरुम गावाला लेकीकडं गेली होती. म्हणजे दिवसभर त्या छपराखाली आम्ही दोघंच. वडाची कुंडी बदलली, मग दोन पिंपळांची. भाकरी त्यांनीच थापली. दिवस कलल्यावर पाऊस थांबला, तेव्हा मी निघालो.

त्याच दुपारी ओढ्याच्या या बाजूच्या एका गावात रझाकारांच्या टोळीनं वाण्याचं दुकान फोडलं. वाण्याला इतकं मारलं की त्याचा उजवा हात कायमचा गेला.

महिन्याभरात हिंदुस्थानचं लष्कर आलं, निजामशाही संपली. त्यानंतर आमच्या जिल्ह्यात मुसलमानांचं काय काय झालं ते जुन्या माणसांना ठाऊक आहे, आणि ते सहसा बोलत नाहीत. चौकशा सुरू झाल्या. वाण्यानं नावं सांगितली, त्यांत दस्तगीरचाचांचं नाव होतं. वाणी खोटा होता असं मी म्हणत नाही. भर पावसात, मार खाताना, त्याला चाचांसारखी एक पांढरी दाढी दिसली असेल. चाचांना नेलं. जाताना त्यांनी एकच सांगितलं—त्या दिवशी मास्तर माझ्याजवळ होते, त्यांना विचारा.

आणि मला विचारलं.

इथवर मी पुष्कळदा मनात आलो आहे. इथून पुढं पाय निघत नाही.

अधिकारी शाळेत आले. हेडमास्तरांच्या खोलीत बसले होते. ते, त्यांचा लेखनिक आणि मी—चौथं कुणी नाही. मला धमकावलं असं म्हणता आलं असतं तर किती बरं झालं असतं. नाही धमकावलं. बसा म्हणाले. पाणी मागवलं. मग कागद बघत सहज म्हणाले, "त्या म्हाताऱ्याकडं तुमचं फार जाणं-येणं होतं म्हणतात."

बस्स, एवढंच. त्या वाक्यात काही होतं का? की माझ्याच पोटात होतं? मी निजामाच्या शाळेतला नोकर. नव्या राज्यात कुणाला ठेवणार, कुणाला काढणार, कुणालाच माहीत नव्हतं. उर्दू झोकात बोलतो म्हणून सोबती आधीच मला टोमणे मारत होते.

"अमक्या शुक्रवारी तुम्ही त्यांच्या बागेत होता का?"

वही माझ्या पिशवीत होती. पिशवी माझ्या मांडीवर. त्या पानावर तारीख होती, वडाची मुळं किती छाटली ते होतं, 'दिवसभर पाऊस, चाचांच्या हातची भाकरी' असंही लिहिलेलं होतं.

मी म्हणालो, "मला आठवत नाही."

लेखनिकानं ते लिहून घेतलं. मी सही केली. माझं अक्षर तेव्हा फार सुरेख होतं.

घरी येऊन ते पान फाडलं आणि चुलीत घातलं. बायकोनं बघितलं. काय होतं विचारलं, मी म्हणालो, जुना हिशोब. तिला ठाऊक असलेलं अर्धं ते हेच—की मी काहीतरी जाळलं. तिनं पुन्हा विचारलं नाही.

चाचा चौदा महिने आत होते.

त्या चौदा महिन्यांत मी बेंबळीला एकदाही गेलो नाही. उथळ कुंडीतल्या झाडाला उन्हाळ्यात दोन वेळा पाणी लागतं, एक दिवस चुकला तरी पान गळतं—हे चाचांनी मलाच तर शिकवलं होतं. चाची एकटी. दोनशेच्या वर झाडं. विहीर फाल्गुनातच तळाला जाते. मला हे सगळं कळत होतं, आणि मी शाळेत मुलांना कविता शिकवत होतो.

वैशाखात चाची आमच्या दारात आली. बेंबळीहून धाराशिव, चालत. डोक्यावर पाटी, पाटीत चिंचेचं झाड. मी आतल्या खोलीत होतो. बायकोला खूण केली—नाही म्हण. तिनं सांगितलं, बाहेर गेलेत. दाराच्या फटीतून मला चाचीचे पाय दिसत होते. धुळीनं पांढरे झालेले.

"बाकीची गेली," चाची म्हणाली. "ही एकच हाय. यांनी मास्तरांना द्या म्हनून निरोप धाडलाय. मास्तर जगवतील म्हने."

पाणी पिऊन ती परत गेली. चालतच.

मी चिंच जगवली. अंगणात ठेवली. येणारे-जाणारे थांबून बघायचे, तुमच्या हाताला काय गुण आहे म्हणायचे. मी ऐकून घ्यायचो. तेही सांगून टाकतो.

चाचा सुटले ते पुरावा नाही म्हणून. एका दुपारी आले. निम्मे झाले होते, उजव्या डोळ्यावर पांढरा पडदा आला होता. आधी चिंचेपाशी गेले, उकिडवे बसले, बोटांनी माती चाचपली. दोन वाकडे कोंब नखानं खुडले. मग माझ्याकडं वळले आणि माझे दोन्ही हात धरून म्हणाले, "तुमी जगवली."

बायकोनं चहा आणला. चाचांनी बशीत ओतला, फुंकर घातली, आणि सहज—अगदी सहज—विचारलं, "म्या तुमचं नाव घेतलं हुतं त्यांच्यापाशी. तुमाला इचारलं न्हाय का कुनी?"

बघा, देवानं मला दुसऱ्यांदा संधी दिली. यावेळी कसली भीती होती? नोकरी पक्की झाली होती. समोर एक थकलेला म्हातारा होता, जो मला कधी एक वाकडा शब्द बोलला नव्हता. मी खरं सांगितलं असतं तर त्यानं काय केलं असतं? फार तर उठून गेला असता.

"नाही चाचा," मी म्हणालो. "कुणी विचारलंच नाही."

त्यांनी मान डोलावली. जणू चौदा महिने त्यांना हेच ऐकायचं होतं. "म्या चाचीला तेच म्हनलं. मास्तरांना इचारलं असतं तर मास्तर बोललेच असते. व्हय का न्हाय?"

मी म्हणालो, "व्हय."

चहा संपवून ते उठले. चिंच परत न्या म्हणालो, तर नको म्हणाले. बागेत आता काही नव्हतं. ते दोघं मुरुमला लेकीकडं गेले, आणि तिथं त्यांनी पुन्हा एक झाडही लावलं नाही असं कानावर आलं. चाचांच्या हातांना काम नाही—मला हे डोळ्यांपुढं आणता येत नव्हतं. मी मुरुमला कधी गेलो नाही. किती लांब होतं? सकाळच्या मोटारीत बसलो असतो तर दुपारपर्यंत पोचलो असतो.

तीन वर्षांनी जावयाचं कार्ड आलं. चाचा गेले. शेवटी शेवटी तुमची आठवण काढायचे, असं त्यात लिहिलं होतं. मास्तरांना सलाम कळवा, असं म्हणाले होते.

उत्तर मी तीनदा लिहिलं. पहिल्या दोन पत्रांत सगळं खरं लिहिलं होतं—हेडमास्तरांची खोली, वही, दाराची फट, सगळं. तिसऱ्यात लिहिलं की फार वाईट वाटलं, चाचा फार मोठे मनुष्य होते.

तिसरं पाठवलं.