सत्तेचाळीस नंबरचं घर

आम्ही कॉलेजचे जुने मित्र भेटलो की पहिली दहा मिनिटं गुडघे आणि बीपी यांवर जातात. मग कुणीतरी म्हणतं, "अरे, तो नासर्डीचा उन्हाळा!" झालं! पुढचे दोन तास कुणी घरी जायचं नाव काढत नाही. समाजसेवा केली ती उणापुरा दीड महिना, पण किस्से इतके साठलेत की ऐकणाऱ्याला वाटावं, ह्यांनी जन्मभर दुसरं काही केलंच नाही.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. सुट्टीत गावी न जाता नाशकातच सेवा करायची, तास भरायचे, सर्टिफिकेट घ्यायचं. आमच्या वाट्याला नासर्डी नदीच्या काठची एक वस्ती आली. प्रमुख कुलथे सर. ते वनस्पतिशास्त्र शिकवायचे आणि कुठल्याही प्रश्नाला पाठ्यपुस्तकातलं उत्तर द्यायचे. सकाळच्या तुकडीत मी आणि शैला, संध्याकाळच्या तुकडीत नामपूरचा बाळू निकम. दोन तुकड्यांची गाठ कधी पडायची नाही. सगळा घोळ तिथेच झाला.

*

पहिल्याच दिवशी गटार. सातला सुरुवात केली, नऊला गटार स्वच्छ! अंगाला वास मारत होता, पण आम्ही खूश. तेवढ्यात सरांना आठवलं, फोटोग्राफर अजून आलाच नाही.

"फोटो हवाच. अहवालाला लागतो," सर म्हणाले.

दहाला फोटोग्राफर आला. आता उपसायचं काय? मग काठावर काढलेली घाण आम्ही घमेल्यांनी पुन्हा गटारात टाकली आणि हसऱ्या चेहऱ्याने उपसायला लागलो. फोटोग्राफरने डोळा लावला, कॅमेरा हलवून पाहिला आणि म्हणाला, "सर, रोल संपला. सकाळी एक लग्न होतं ना!"

समोर पारूबाई पगारे दारात बसून तांदूळ निवडत होत्या. सातपासून त्या आमच्याकडे बघत होत्या. शेवटी न राहवून म्हणाल्या, "पोरांनो, येक सांगा. गटार भरायचं हाय का उपसायचं? म्हंजी आमी बी हात लावू."

सर विचारात पडले. आम्ही आधीपासूनच पडलो होतो.

*

मग आला सर्व्हे. शैला फॉर्म घेऊन पारूबाईंच्या दारात.

"मावशी, घरात माणसं किती?"

"जेवायच्या टायमाला का कामाच्या?"

शैला गडबडली. "जेवायच्या सांगा."

"नऊ."

"आणि कामाच्या?"

"मी आन् माझी विमल. दोन!"

फॉर्ममध्ये रकाना एकच. शैला सरांकडे गेली. सर म्हणाले, "सरासरी काढ." तिने काढली. आमच्या अहवालात पगारे कुटुंबात साडेपाच माणसं आहेत!

ही विमल म्हणजे वस्तीतली पहिली मॅट्रिक झालेली मुलगी. चार घरची धुणीभांडी करून नर्सच्या ट्रेनिंगसाठी अर्ज करत होती. मामाने बजावून ठेवलं होतं, यंदा मुलाखतीचं बोलावणं आलं तर ठीक, नाही तर दिवाळीनंतर लग्न. स्थळही बघून ठेवलं होतं. पोरगी दिवसभर हसायची, पण टपालाची वेळ झाली की दारात येऊन उभी राहायची.

*

दुपारी साक्षरता वर्ग. विमल शैलाच्या मदतीला असायची. वर्गात सर्वांत वयस्कर म्हणजे करीमचाचा टांगेवाले. रविवार कारंज्यावरच्या स्टँडवर त्यांचा टांगा. बायको गेल्यापासून खोली सोडली होती. रात्री वस्तीतच, घोड्याशेजारी टांग्यात झोपायचे.

शैलाने फळ्यावर त्यांचं नाव लिहिलं. "चाचा, हे गिरवा."

"बेटी, मेरा नाम तो मला ठाऊक हाय," चाचा म्हणाले. "जे ठाऊक नाय ते शिकव!"

"मग काय शिकवू?"

चाचांनी इकडेतिकडे पाहिलं आणि विमलकडे बोट केलं. "इसका लिख. छोटा हाय."

महिनाभर चाचा फक्त 'विमल' गिरवत होते. स्वतःचं नाव शेवटपर्यंत शिकले नाहीत. सरांनी त्यांच्या नावापुढे लिहिलं, 'प्रगती असमाधानकारक'.

*

आता नंबरांचं प्रकरण. वस्तीतल्या घरांना नंबर नव्हते. सरांनी फर्मान काढलं, घालून टाका! आम्ही सकाळी रस्त्याकडून सुरुवात केली आणि दारादारावर गेरूने लाल आकडे घातले. पगाऱ्यांच्या दारावरचा सत्तेचाळीस मी माझ्या हाताने घातला.

विमल अर्ज घेऊनच उभी होती. "दादा, पत्ता काय लिहू?"

"लिही, घर क्रमांक सत्तेचाळीस!" मी ऐटीत म्हणालो. तिने वळणदार अक्षरात लिहिलं आणि अर्ज टपालात टाकून आली.

दुसऱ्या दिवशी येऊन बघतो तर प्रत्येक दारावर दोन-दोन नंबर! संध्याकाळच्या तुकडीने नदीकडून सुरुवात करून चुन्याने पांढरे आकडे घातले होते. आमचा एक ह्या टोकाला, त्यांचा एक त्या टोकाला. सरांनी दोन्ही आकडे तपासले.

"शास्त्रात एकच प्रमाण मानतात," ते म्हणाले. "पांढरा खरा. लाल पुसा."

आम्ही घासून लाल पुसले. पगाऱ्यांचं घर झालं एक्क्याऐंशी. विमलचा चेहरा उतरला. मी धीर दिला, "अगं, पोस्टमन भोयेमामा नावावरूनच पत्र देतात. काही होत नाही!"

त्याच आठवड्यात भोयेमामा पुतण्याच्या लग्नाला हरसूलला गेले. महिनाभराच्या रजेवर!

*

मग पांढरा सत्तेचाळीस कुणाच्या दारावर? शोधून दमलो. शेहेचाळीस सापडला, अठ्ठेचाळीस सापडला, मधला गायब. बाळूला धरलं.

"सर म्हणाले ना, जिथे माणूस झोपतो ते घर!" बाळू म्हणाला. आणि चिडला की त्याची अहिराणी सुरू व्हायची. "चाचा टांगामा झोपस. मंग हाऊ टांगा घरच शे ना!"

सत्तेचाळीस नंबर टांग्याच्या मागच्या फळीवर होता आणि रोज सकाळी रविवार कारंज्याला जात होता. आम्ही सरांना सांगितलं. सर म्हणाले, "नियमात बसतंय." मला हसूही येईना आणि झोपही येईना. पोरीचं बोलावणं हरवलं तर ते माझ्या हाताने हरवणार होतं.

*

आणि एका सकाळी बदली पोस्टमन वस्तीत आला. एका दारापाशी थांबून त्याने विचारलं, "सत्तेचाळीस नंबर कुठाय?"

तांदूळ निवडता निवडता पारूबाईंनी मान वर केली. आठवडाभर आम्ही त्यांच्याकडून नंबर पाठ करून घेतले होते.

"सत्तेचाळीस व्हय? त्यो आता रविवार कारंज्यावर असंल. जेवायला घरी येतो!"

त्याने नाव सांगितलं नाही, त्यांनी विचारलं नाही. तो सायकल वळवून गेला. हे त्यांनी आम्हाला मोठ्या अभिमानाने सांगितलं. मी शैलाची सायकल उचलली. तेवढ्यात घोड्याच्या टापा ऐकू आल्या.

भरधाव टांगा. चाचा लगाम एका हातात धरून उभे, दुसऱ्या हातात लिफाफा.

"विमल लिखा हाय! मी वाचलं! मी सोता वाचलं!"

आत मुलाखतीचं पत्र होतं. तारीख त्याच दिवसाची, वेळ अकराची. घड्याळात साडेदहा. विमल ओल्या केसांनीच टांग्यात चढली, मागोमाग पारूबाई, तांदळाच्या सुपासकट. मी पायरीवर लोंबकळलो.

विमल पुढे तीस वर्षं नर्स होती. मुलाखतीच्या खोलीतली हकीकत ती स्वतःच सांगते. सगळी उत्तरं बरोबर आली. शेवटी साहेबांनी अर्ज डोळ्यांजवळ नेला. उमेदवार शहरातच राहणारी हवी होती, आणि त्यांना पत्त्याचा संशय आला.

"घर क्रमांक सत्तेचाळीस. हे नक्की आहे कुठे?"

विमलने खिडकीतून बाहेर पाहिलं.

"ते काय साहेब, गेटपाशी उभंय. चारा खातंय!"