भेटायचं तर ग्राउंडवर

‘पाय हायेत का लाइटीचे खांब?’

आमच्या शाळेच्या खेळाच्या मॅडम मुलींना ‘गुड मॉर्निंग’ अशी म्हणत. मुलींना राग येत नसे. राग यायला अंगात दम शिल्लक लागतो.

मी त्याच शाळेत मराठी शिकवतो. नागपूरच्या बेसा भागातल्या आमच्या मैदानावर मॅडम पहाटे साडेपाचला हजर. मग दिवसभर शाळा आणि पुन्हा अंधार पडेपर्यंत खो-खो. मे महिन्यात सगळं नागपूर कूलरसमोर लोळत असतं, तेव्हा मॅडम डोक्याला दुपट्टा गुंडाळून मैदानावर चुन्याच्या रेषा मारत. डबा उभ्यानं खात. आमच्या घरी हळदीकुंकवाला आल्या, तर पैठणीवर शिटी लटकलेली. माझ्या बायकोला तो नव्या फॅशनचा दागिना वाटला.

त्यांचा नवरा मिहानमधल्या एका कंपनीत शिफ्टवर. मी एकदा विचारलं, ‘संसार कसा चाललाय?’

‘मस्त! तो येऊन राहिला असते, मी जाऊन राहिली असते. चौकात सिग्नल लाल असला तर बोलणं होते. काल हिरवा होता.’

त्यांची मुलगी आमच्याच शाळेत, सातवीत. पळायचं नाव काढलं की तिच्या पोटात दुखायचं. त्या पोरीनं एक दिवस खो-खोला नाव दिलं. मी चाट पडलो.

‘तू काहून वं?’

‘सर, आई तिथंच भेटते.’

मी हसलो. स्टाफरूममध्ये सांगून आणखी चार जणांना हसवलं. आता त्याची लाज वाटते.

आई तिथं भेटली, पण सगळ्यांची मॅडम म्हणून. पोरगी तीन महिने धावली, पडली, गुडघे सोलून घेतले. कळमेश्वरच्या सामन्यांसाठी यादी लागली, तेव्हा तिचं नाव नव्हतं.

‘राखीव म्हणून तरी घ्या,’ मी मध्ये तोंड घातलं.

‘राखीवमधली शेवटची पोरगीही हिच्याहून तेज पळते, सर. तिले घरी बसवू का?’

मुलगी शेजारीच उभी होती. ती रडली नाही.

‘आई, मंग मी तुले कुठं भेटू?’ एवढंच म्हणाली.

मॅडमनी शिटी तोंडात घातली, काढली, पुन्हा घातली. मग सगळ्या संघाला काही कारण नसताना मैदानाच्या पाच फेऱ्या मारायला लावल्या आणि स्वतः पाण्याच्या टाकीमागे गेल्या. परत आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं.

कळमेश्वरला आमच्या मुली जिंकल्या. मुख्याध्यापकांनी ढाल अशी मिरवली, की जणू स्वतःच धावले होते. त्याच आठवड्यात मॅडमनी संध्याकाळचा सराव सोडत असल्याचा अर्ज दिला.

‘तब्येत बरी नाही का?’ मुख्याध्यापकांनी विचारलं.

‘तब्येत चांगली आहे. पोरगी आहे घरी.’

संध्याकाळी आता एक तरुण प्रशिक्षक येतो. मुलींना ‘प्लीज’ म्हणतो. मुली त्याचं काडीचं ऐकत नाहीत.

परवा दिवेलागणीला मॅडमच्या घरी गेलो होतो. त्या सोफ्यावर टेकून बसल्या होत्या. शेजारी मांडी घालून मुलगी वर्गातलं कुठलंसं भांडण हातवारे करकरून सांगत होती. चौथ्या-पाचव्या वाक्यालाच मॅडमचा डोळा लागला. लागला म्हणजे काय, चक्क घोरायला लागल्या.

मी उठलो. मुलीनं ओठांवर बोट ठेवून मला बसायची खूण केली. मग आवाज अगदी बारीक केला आणि भांडण पुढे सांगू लागली. मला नाही, आईलाच.