पाच मिनिटांचं कुलूप

जिनिंगमधल्या गोष्टी रुईच्या पुंजक्यांसारख्या असतात. सकाळी झाडून काढा, दुपारी पुन्हा पायात! त्यातल्या कॉम्प्युटरच्या तेवढ्या सांगते.

सिंदी रेल्वेच्या एका जिनिंगमध्ये मी दहा वर्षं मशीनवर कापूस टाकला. छातीत रुई बसली, खोकला जाईना. डॉक्टर म्हणाला, धूळ सोडा. मी शेटजीच्या टेबलासमोर उभी राहिली अन् म्हटलं, "ऑफिसातलं झाडू-पाणी मले द्या, नाई तर इथंच खोकत बसते!" शेटजीनं झाडू दिला. त्याच सीझनला कॉम्प्युटर आला.

*

कापसाच्या वजनाची पावती आता त्यातून निघायची. पण पाच मिनिटं कोणी हात लावला नाही की तो स्वतःला कुलूप लावून घ्यायचा! पासवर्ड फक्त प्रकाशबाबूला, म्हणजे आमच्या मुनिमाला माहीत. पहिल्याच दिवशी पडदा काळा. शेटजीनं वायरमन बोलावला. त्यानं दोन तारा बदलल्या, डब्ब्याला दोन थापडा मारल्या अन् म्हणाला, "शेटजी, मशीन मेली."

तेवढ्यात प्रकाशबाबू पान खाऊन आला, चार-सहा बटणं दाबली. मेलेली मशीन उठून बसली!

*

एकदा बाहेर कापसाच्या वीस बैलबंड्या उभ्या, अन् प्रकाशबाबू संडासात. इकडं कुलूप पडलेलं. शेतकरी बोंबलून राहिलेले. मी जाऊन दार बडवलं.

"पासवर्ड सांग!"

"नाई सांगत, माय!"

"काऊन?"

"लाज वाटते!"

"तुह्या लाजेचं काय लोणचं घालू? बंड्या उभ्या हायेत!"

दाराखालून पानाच्या कागदावर चिठ्ठी आली. शेटजीनं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचली, "मंगला? अरे, तेरी घरवाली का नाम तो सुनीता है ना!"

दुसऱ्या दिवशी पासवर्ड बदलला. मंगलाचं काय झालं, मी विचारलं नाही.

*

मग शेटजीचा हुकूम सुटला, "बाई बैठेगी, माउस हिलाएगी." झालं! झाडता झाडता धावा, माउस हलवा. माठ भरता भरता धावा, माउस हलवा. भाकरीचा घास हातात, जीव माउसपाशी. एक म्हातारा शेतकरी खिडकीतून म्हणाला, "काय माय, लेकरू झोपवून राह्यली काय?"

"झोपवून नाई, बुढ्या, जागं ठेवून राह्यली!"

*

प्रकाशबाबूच्या मनात मंगलाच्या चिठ्ठीची फजिती अजून सलत होती. त्यानं एक दिवस फिरत्या टेबलफॅनला दोरा बांधला, दोऱ्याला माउस. फॅन मान हलवी, माउस सरके. "माय, आता तुमची गरज नाई," म्हणाला अन् ऐटीत चहा मागवला. अर्ध्या तासात फॅननं जोरात मान फिरवली, माउस उडाला तो थेट त्याच्या कपात! माउस गेला, चहा गेला, मी खुर्चीत परत.

*

पण शेटजीचं डोकं फिरलं. प्रकाशबाबूला म्हणाला, "नागपूरच्या कॉम्प्युटरवाल्याले बोलावतो. एकदा हे ठीक झालं का बाईचं ऑफिसात काय काम? मशीनवर पाठवून देऊ. झाडू-पाणी चौकीदार पाहील."

मी दाराआडच होती. ऐकलं. रात्रभर छातीत घरघर.

नागपूरवाला पोरगा आला. प्रकाशबाबूनं कुलूप उघडून दिलं अन् स्वतः वजनकाट्यावर गेला. शेटजी जेवायला घरी. ऑफिसात आम्ही दोघंच. पोऱ्यानं दोन मिनिटं टकटक केलं अन् हसला.

"काही बिघडलं नाई, मावशी. सेटिंग आहे नुसती. पाच मिनिटांवर ठेवली आहे. आता किती करू?"

समोर जिनिंगचं दार उघडं होतं. आतून पांढरी धूळ येऊन राहिली होती. मला खोकला आला. थांबला तेव्हा म्हटलं, "दोन."

"दोन तास?"

"मिनिटं!"