कच्चा खांदा

"बंडी काढ."

देशमुखाच्या पोरानं माझ्या बाला सांगितलं. अंगणात. भर दुपारी. खुर्च्यांवर बसलेल्या दोस्तांसमोर.

बानं बंडी काढली. घडी केली. माझ्या हातात दिली.

हा पोरगा हैदराबादेत डाक्टरकी शिकत होता. सुट्टीत दोस्तांना गाव दाखवायला घेऊन आला होता. आमचं गाव आदिलाबाद जिल्ह्यातलं, बेल्याकडचं. कापूस आणि जवारी, दुसरं काय दाखवणार? त्यानं माझा बाप दाखवायला काढला.

आम्ही महार. बानं जन्मभर वेठ केली. हाकिमाचं सामान, देशमुखाचे बोजे, सगळं कावडीनं वाहिलं. कावडीच्या दांडीनं मानेजवळ गाठ येते. आमच्यात त्या गाठीचा मान होता, सांगायला लाज वाटते पण होता. पोराच्या खांद्यावर पहिल्यांदा दांडी ठेवली की माय तेल आणि राख चोळायची. गाठ धरली की घरोघर गूळ वाटायचे. पोरगा पक्का झाला म्हणायचे. ज्याला गाठ नाही तो कच्चा खांदा. मी मॅट्रिकला बसणार होतो. मी कच्चा खांदा होतो.

तोवर निजाम गेला होता. पोलीस ॲक्शन होऊन गेली होती. वेठ बंद झाल्याची दवंडी माझ्या काकानंच दिली होती, हलगी वाजवून. दुसऱ्या दिवशी त्याच काकाला वेठीला नेलं.

तर बा उघडा उभा. देशमुखाच्या पोरानं पानदानातला चुना वाटीत कालवला. हातानं शिवायचं नव्हतं. वेताची छडी चुन्यात बुडवली आणि बाच्या पाठीवर रेघा ओढू लागला.

"हा ट्रॅपेझियस. मानेपासून पाठीच्या मध्यापर्यंत. खांदा उचलतो, ओझं पेलतो." रेघ. "हा लॅटिसिमस. वर गेलेला हात खाली खेचतो. हात वर कर रे. खाली. पुन्हा वर."

बा हात वर करत होता. खाली करत होता. बैलाला बाजारात चालवून बघतात तसा. उन्हानं पाठ घामेजलेली. घामात चुना उतरला. कातडी लाल झाली.

"आणि ही गाठ. ही पुस्तकात सापडणार नाही."

छडी गाठीवर टकटक वाजवली. दोस्त हसले. एकानं विचारलं, "दुखत नाही त्याला?"

"यांना? छे."

मग त्याची नजर माझ्याकडे वळली.

"हा पोरगा कच्चा आहे. दोघं शेजारी उभे राहिले की फरक कळेल. तूही काढ रे."

मी बाची बंडी घट्ट धरली. बा हळूच म्हणाला, "काड लेका. घडीभराची गोष्ट हाये."

माझ्या तोंडून निघालं, "नाई काडत."

देशमुखाचा कारभारी ओट्यावरून उतरला. "काय बोल्ला बे?"

"मी नाई काडत. बाच्या आंगावरचा चुना पुसा."

देशमुखाच्या पोराची छडी माझ्या तोंडावर बसली. ओठ फाटला. दुसऱ्यांदा उठली तेव्हा मी ती हवेतच पकडली, गुडघ्यावर मोडली आणि अर्धी त्याच्या कोऱ्या सदऱ्यावर फेकली. सदऱ्यावर चुना उडाला. एवढंच. एवढंच मी केलं.

कारभाऱ्यानं मला पालथा पाडला. पाठीवर गुडघा रोवला. उजवा हात धरून मागं ओढला, वर ओढला, पिळला. कट्ट वाजलं. मी ओरडलो ते मला बाहेरून ऐकू आलं, दुसऱ्याच कुणाचं ओरडणं असल्यासारखं. बा मधे पडला. त्याच्या कमरेत लाथ बसली.

"थांब," देशमुखाचा पोरगा म्हणाला. मला वाटलं, संपलं. त्यानं दोस्तांना जवळ बोलावलं.

"बघा. खांद्याची गोलाई गेली. हाड निखळून खाली आलं. डेल्टॉइड, हा वरचा, टोपीसारखा. हात बाजूला उचलतो तो हा. आता नाही उचलणार."

एक दोस्त म्हणाला, "बसव ना यार. तुला येतं."

"मी शिवू? आत्ता आंघोळ झाली माझी. चला, पानं वाढली आहेत."

त्याला येत होतं. हे मी विसरत नाही. त्याला येत होतं.

गावात कुणी बैलबंडी जुंपली नाही. देशमुखाला भ्यायले. बानं आणि काकानं घोंगडीची झोळी केली, कावडीची दांडी घातली, आणि मला आदिलाबादच्या दवाखान्यात नेलं. सगळी वाट माझी नजर बाच्या गाठीवर. दांडी तिच्यावरच टेकली होती. पाठीवर चुना वाळून तडकला होता.

दवाखान्यातल्या डाक्टरनं हाड बसवलं. म्हणाला, उशीर झाला, नस गेली. नस गेली म्हणजे मसल वाळते. वाळली. माझ्या दंडात बेटकुळी आहे, छाती आहे, पाठ आहे. उजव्या खांद्यावर खड्डा आहे. हात बाजूला उचलवत नाही.

मग राज्यं नव्यानं आखली. पैनगंगेपलीकडचे सोयरे मुंबई राज्यात गेले, आम्ही आंध्रात आलो. वर्गात तेलुगू पोरं, मी एकटा मराठी. शिकलो. आमच्या वस्तीतला पहिला बी.एस्सी. मी. बाच्या खांद्यावरची कावड मी माझ्या हातानं चुलीत घातली. डाव्या हातानं.

आता तालुक्याच्या शाळेत विज्ञान शिकवतो. फळ्यावर डाव्या हातानं लिहितो. मसलचा धडा आला की दरवर्षी माझाच सदरा काढतो. दुसऱ्या कुणाचा नाही. डावा खांदा दाखवतो, हा जिवंत डेल्टॉइड. उजवा दाखवतो, हा मेलेला. कुणी मारला, तेही सांगतो. नाव घेऊन, बापाच्या नावासकट.

हेडमास्तरनं काल बोलावून घेतलं. "गुरुजी, मसल शिकवा. नावं काऊन घेता? बदली होईल."

"मसल कशानं मरते तेच शिकवून राह्यलो," मी म्हणालो.

हेडमास्तर भ्यायला त्याला कारण आहे. देशमुखाचा तो पोरगा आता तालुक्यात मोठा डाक्टर आहे. त्याचा मुलगा यंदा माझ्या वर्गात, पुढच्या बाकावर बसतो. हुशार आहे. त्याला मी बोट लावणार नाही. छडी तर माझ्या वर्गात नाहीच.

उद्या मसलचा धडा आहे. मी सदरा काढणार. नाव घेणार. पोरगा ऐकेल, घरी जाऊन बापाला विचारेल.

बापानं उत्तर द्यावं.