बाहीतली वायर

मन्नाएखेळ्ळीत हमरस्त्याला लागून प्रेमानंदचं मोटार वायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरची जळालेली मोटार त्याच्याकडे टाकावी आणि निर्धास्त व्हावं, असा त्याचा लौकिक. पण गेल्या पावसाळ्यापासून त्या दुकानात एक विचित्र प्रकार चालला होता. मोटारीत नवी तार भरून झाली की प्रेमानंद मागं सरत सरत रस्त्यापर्यंत जायचा आणि बटन दाबायला त्याची बायको करुणा हातातलं काम टाकून यायची. मोटार नीट फिरते की नाही हे तो लांबूनच ऐकायचा. गावात चेष्टा व्हायचीच. लोकांना काय, फुकटची करमणूक.

त्याला कारण होतं. वायर तपासायची त्याची जुनी सवय अशी, की टेस्टर लावून झाल्यावरही खात्रीसाठी हाताची पाठ तारेला निसटती लावायची. झटका बसलाच तर हात आपोआप मागं फेकला जातो. पण त्या पावसाळ्यात अंकुशरावांच्या मळ्यात, ओल्या बांधावर उभं राहून स्टार्टर उघडताना त्यानं घाईत तळवा लावला. मूठ मिटली ती उघडेचना. ओरडावं तर जीभ दातांत अडकलेली. अंकुशरावांनी कोरड्या लाकडानं मनगटावर हाणलं तेव्हा कुठं सुटला. जखम भरून आली. पण आपलीच मूठ आपलं ऐकत नव्हती, ही गोष्ट त्याच्या मनातून काही जाईना.

करुणाचे थोरले भाऊ माणिकराव हैदराबादला एका मोठ्या इमारतीत सुपरवायझर होते. त्यांनी दाजींसाठी वॉचमनची जागा धरून ठेवली होती. रविवारी संध्याकाळपर्यंत काय ते सांगा, म्हणाले होते. प्रेमानंदचं मन होकाराकडे झुकलं होतं. ज्याला बटन दाबता येत नाही त्यानं मोटारीचं दुकान कशाला चालवायचं?

आणि नेमका त्याच रविवारी तो कलबुर्गीच्या एका मंगल कार्यालयात पांढरा कोट घालून, बगलेत जाळीचा मुखवटा धरून उभा होता. ही करणी त्याच्या लेकीची. मैत्रेयी कडगंचीच्या विद्यापीठात शिकायची आणि कलबुर्गीत गुरुपादय्या सरांकडे तलवारबाजीला जायची. सुटीत गावी आली की समोर उभं राहायला कुणी नसे, म्हणून तिनं बापाच्या हातात तुरीची वाळकी काठी दिली. बघते तर काय, बाप हाती लागेना. ती वार करायला हात पुढं काढायची, तोवर बापाच्या काठीचं टोक तिच्या मनगटाला शिवून माघारी गेलेलं असायचं. मग ती त्याला दर रविवारी कलबुर्गीला बोलावून सरांकडे न्यायला लागली. मुखवटा चढवला की आपल्याला कुणी ओळखत नाही, हे प्रेमानंदला फार आवडायचं. सरांनी त्याचं नाव स्पर्धेत चाळिशी ओलांडलेल्या हौशी गटात घातलं, तेव्हा तो लाजला, पण नको म्हणाला नाही.

एक गोष्ट मात्र मैत्रेयीनं त्याला सांगितली नव्हती.

"हात वर करा, पप्पा," म्हणत तिनं त्याच्या कोटात पाठीकडून एक वायर घातली आणि बाहीतून ती तळहाताशी बाहेर काढली.

प्रेमानंदच्या तोंडचं पाणी पळालं. "हे काय करायलीस?"

"वायर हाय. एक टोक तलवारीला, दुसरं पाठीमागच्या वायर गुंडाळायच्या चकरीला. टोचलं की पंचांच्या पेटीवरचा दिवा लागतो. सरावाला आपण बिनवायरीच्या तलवारी घेत हुतो."

"आधी कामून सांगितलं न्हाईस?"

"सांगितलं असतं तर तुमी आला असता का? बारा व्होल्टसुद्धा न्हाई त्यात. तुमाला काय सांगायचं ते."

बारा व्होल्ट म्हणजे काय हे प्रेमानंदला कळत होतंच. कळून काय उपयोग? त्याच्या कातडीला ते कळत नव्हतं. कोपरापाशी वायर जरा हलली की त्याच्या मानेवरून घाम ओघळायचा. तोंड धुवायच्या निमित्तानं तो मोरीकडे गेला. आरशात त्यानं स्वतःचं तोंड पाहिलं आणि मनाशी बोलला, आज ही वायर अंगावर सोसली नाही, तर संध्याकाळी माणिकरावांना होकार देऊन टाकायचा आणि दुकानाचं शटर कायमचं ओढायचं. एवढं ठरल्यावर तरी भीती कमी व्हावी की नाही? उलट वाढली.

पहिल्या लढतीला पंचांनी त्याच्या तलवारीच्या टोकावर वजन ठेवून पाहिलं. टोक आत दबलं, पेटीवर दिवा लागला. त्या दिव्यानंही प्रेमानंद दचकला. लढत सुरू झाली तसा तो मागं मागं जात लढतीसाठी आखलेल्या पट्टीच्या बाहेर पडला. गुण समोरच्याला. पुन्हा सुरू, पुन्हा बाहेर. समोरच्या गृहस्थांना जिंकायला तलवार फारशी हलवावीच लागली नाही. कडेला बसलेले काहीजण हसले. मन्नाएखेळ्ळीहून एवढ्या लांब आला, पण हसणारे आधीच येऊन बसलेले.

पुढच्या लढतींत तो निदान पट्टीवर टिकला. गंमत म्हणजे त्याचं टोक समोरच्यापर्यंत पोचतही होतं, अगदी आधी पोचत होतं. मनगटाला शिवत होतं, कोपराला शिवत होतं. पण दिवा काही लागत नव्हता. समोरच्याचं टोक मागाहून यायचं, छातीत रुतायचं आणि गुण घेऊन जायचं. प्रेमानंदला वाटलं, आपलीच वायर तुटलेली असणार. त्याला मनातून बरंही वाटलं. त्यानं तपासायला सांगितलं. पंचांनी टोक दाबून दाखवलं, दिवा लख्ख लागला.

शेवटच्या लढतीआधी गुरुपादय्या सर त्याच्या शेजारी येऊन बसले. सर कन्नड मुलखातले, मराठी जपून बोलायचे.

"प्रेमानंद, तुमचा हात सगळ्यांच्या आधी पोचतो. समोरचा येतो, तेवढ्यात तुम्ही त्याच्या मनगटावर असता. ही तुमची शैली. मी शिकवली नाही, तुम्ही घेऊनच आला."

"मग दिवा कामून लागंना, सर?"

"कारण तुम्ही शिवता आणि पळता. गरम तव्याला शिवल्यासारखं. टोक दबायला पाहिजे. पोचल्यावर थोडं थांबा."

प्रेमानंदला उमगलं. तव्याला नव्हे, तो तारेला शिवत होता. हाताची पाठ लावून लगेच काढून घ्यायची, त्याच रीतीनं तो लढत होता. सगळी शैली तिथूनच आलेली. आणि थांबायचं म्हणजे काय, हे त्याला सरांपेक्षा जास्त ठाऊक होतं. एकदा थांबला होता तो. मूठ उघडली नव्हती.

"मला लई भेव वाटायलंय, सर," तो म्हणाला.

सर हसले नाहीत. "वाटू द्या. टोक तेवढं ठेवा."

समोर आले शिवशंकरप्पा, आडव्या अंगाचे किराणा व्यापारी. गुण मिळाला की सगळं कार्यालय दणाणेल असं ओरडायचे. बघता बघता त्यांनी चार गुण घेतले आणि चारदा ओरडले. आता एक गुण, की संपलं. प्रेमानंदच्या बाहीतली वायर घामानं दंडाला चिकटली होती. ती काढून फेकावी आणि पायऱ्या उतरून सरळ बसस्टँडवर जावं, असं त्याच्या फार मनात आलं.

शिवशंकरप्पा चाल करून आले. प्रेमानंदचा हात सवयीनं पुढं गेला आणि टोक त्यांच्या मनगटाला टेकलं. हात माघारी निघाला होता. त्यानं तो निघू दिला नाही. डोळे गच्च मिटले, दात आवळले आणि टोक दाबलं. अंकुशरावांचा मळा, तो ओला बांध, दातांतली जीभ, सगळं एकदम अंगावर आलं. आता मूठ सुटणार नाही, असं त्याला खरोखर वाटलं. पंच "थांबा" म्हणाले, पुन्हा म्हणाले. प्रेमानंद हात ताणून तसाच उभा.

मग त्यानं मुठीला सांगितलं, सोड.

मूठ उघडली. तलवार खाली पडली.

त्यानं डोळे उघडले तेव्हा त्याच्या बाजूचा दिवा लागलेला होता. पंचांनी त्याला एक गुण दिला आणि तलवार टाकल्याबद्दल समज दिली. तो आपल्या रिकाम्या तळव्याकडे बघत राहिला. त्याला रडू येत होतं. मुखवटा होता म्हणून निभावलं. पुढचा गुण शिवशंकरप्पांनी घेतला आणि ते पुन्हा ओरडले.

बसस्टँडवर दिवेलागणीला फोन वाजला. मैत्रेयी चहा आणायला गेली होती.

"काय ठरलं, दाजी?" माणिकराव विचारत होते. "इमारतवाल्यांला आज नाव द्यायचंय."

"न्हाई येत, माणिकराव. दुसऱ्याचं नाव द्या."

"कामून? जिंकलाव काय तिथं?"

"न्हाई. सगळ्या हरलो."

"मग भेव गेलं म्हणायचं."

प्रेमानंदनं मोकळ्या हाताची मूठ मिटून पुन्हा उघडली.

"न्हाई गेलं," तो म्हणाला. "उद्या बटन दाबायचंय. त्याचंच भेव वाटायलंय आतापासनं."