दारापाशचा संगणक

नव्वदचं दशक संपत होतं, तेव्हा नाशिकच्या एका कॉलेजात संध्याकाळी पत्रकारितेचा वर्ग चाले. मी दिवसपाळीला एका दैनिकात उपसंपादक होतो आणि ड्युटी संपली की तिथे बातमीलेखन शिकवायला जात असे. पेपर दोघे जण तपासायचे, एक मी आणि दुसरे मराठीचे निवृत्त प्राध्यापक. दोघांच्या गुणांची सरासरी काढली जाई. वर्गात पहिल्या येणाऱ्याला आमच्या दैनिकात शिकाऊ उपसंपादक म्हणून घेत. जागा एकच असायची.

त्या वर्षी वर्गात पेठकडची एक मुलगी होती. घरचे लोक भात आणि नागली काढून झाली की द्राक्षांच्या छाटणीला निफाडच्या बाजूला जायचे. ती आदिवासी मुलींच्या वसतिगृहात राहून बी.ए. झाली होती. उन्हाळ्यात वसतिगृह सोडायचं होतं. नोकरी मिळाली तर ती शहरात खोली घेऊ शकणार होती. नाही तर पेठची एसटी होतीच.

तिची बातमी नेमकी असायची, पण अक्षर वाईट होतं. शब्द एकमेकांवर चढायचे, रफार भलत्याच अक्षरावर जायचा. पहिल्या तीन चाचण्यांत मी तिला जे गुण दिले, त्याच्या निम्म्याच्या आसपास प्राध्यापकांनी दिले. तिन्ही पेपरांवर त्यांचा शेरा एकच होता : अक्षर सुधारा.

"सर, बातमी वाचली तरी का त्यांनी?" तिने एकदा मला विचारलं. मी प्राध्यापकांना विचारलं.

"वाचवली नाही," ते म्हणाले. "आणि जे मला वाचवत नाही, ते तुमचा कंपोझिटर काय वाचणार?"

"कंपोझिटर आता नाहीत, सर. वार्ताहर स्वतःच टाईप करतात."

"मग घ्या ना परीक्षा टाईप करून. बघू तुमचं यंत्र काय दिवे लावतं."

त्यांनी हे टोमणा म्हणून म्हटलं होतं, पण कॉलेजने ते मान्य केलं. तोवरच्या चाचण्या सरावाच्या धरायच्या आणि शेवटची परीक्षा संगणकावर घ्यायची, असं ठरलं. पेपरावर नाव नसेल, फक्त क्रमांक असेल. कोणता क्रमांक कोणाचा, हे संगणक शिकवणाऱ्या सरांच्या बंद पाकिटात राहील. फायली फ्लॉपीवर घेऊन आमच्या कार्यालयात छापायच्या, कारण कॉलेजचा प्रिंटर मराठी अक्षरांच्या मात्रा खाऊन टाकी.

मुलं महिनाभर टायपिंगचा सराव करत होती. दारापाशच्या संगणकावर कोणी बसत नसे, कारण पडद्यावर ऊन यायचं. तो रिकामा मिळतो म्हणून ती मुलगी रोज तिथेच बसायची. परीक्षेलाही ती सवयीने तिथेच बसली.

परीक्षेत मी एका अपघाताची टिपणं वाचून दाखवली. निफाड रस्त्यावर द्राक्षांचा टेम्पो उलटला होता. त्यावरून प्रत्येकाने बातमी करायची होती.

दुसऱ्या दिवशी कार्यालयात छापलेले पेपर मी न चाळताच प्राध्यापकांच्या घरी नेऊन दिले. संध्याकाळी त्यांचा फोन आला.

"अहो उपसंपादक, यातला एक पेपर कुठल्या लिपीत आहे? चौकोन, टिंबं, उलटे स्वल्पविराम. तुमच्या यंत्रालाच सांगा आता, अक्षर सुधार म्हणावं."

काय झालं असेल हे लक्षात आलं. त्या काळी प्रत्येक कंपनीच्या मराठी फॉन्टची मांडणी वेगळी होती. एका फॉन्टमध्ये टाईप केलेला मजकूर दुसऱ्यात उघडला की त्याचा चिवडा व्हायचा. बाहेरून येणाऱ्या जाहिरातींचं आमच्याकडे नेहमी असंच होई. कॉलेजात चौकशी केली. बाकी संगणकांत आमच्या कार्यालयातलाच फॉन्ट होता, पण दारापाशचा संगणक सराव सुरू होण्याआधी दुरुस्तीला गेला होता आणि दुकानदाराने त्यात स्वतःकडचा फॉन्ट घालून तो परत पाठवला होता. पाकीट बंद असलं, तरी पेपर कोणाचा ते मला कळलं. प्राध्यापकांना मी फॉन्टचा घोळ सांगितला, नाव सांगितलं नाही.

"जसा हातात आला तसा तपासायचा, हा माझा नियम," ते म्हणाले. "शून्य."

"मजकूर फायलीत आहे, सर. फक्त त्याचा फॉन्ट आपल्याकडे नाही. पुन्हा टाईप करू द्या असं मी म्हणत नाही."

"आणि एकही शब्द बदलला नाही, हे कोण बघणार?"

"तुम्हीच या बघायला."

ते खरंच आले. धोतर सावरत आमच्या संगणक विभागात खुर्चीवर बसले, चष्मा पुसला आणि ऑपरेटरला म्हणाले, "कळफलकाला हात लावायचा नाही हं." ऑपरेटर हसला आणि त्याने फक्त माऊस धरला. संगणक शिकवणाऱ्या सरांनी तो फॉन्ट फ्लॉपीवर घालून दिला होता, तो बसवला. फाइल उघडली. पडद्यावर चौकोन आणि टिंबं. सगळा मजकूर निवडून फॉन्ट बदलला, तशी मराठी दिसू लागली.

प्राध्यापक पुढे वाकून वाचू लागले. बाकीच्या बहुतेकांनी टेम्पो उलटल्यापासून सुरुवात केली होती. या बातमीची सुरुवात रस्ता बंद असल्यापासून होती. एसटी गाड्या कुठून वळवल्या आहेत ते पहिल्याच वाक्यात होतं.

"छापा," ते म्हणाले. तिथेच बसून त्यांनी पेपर तपासला. वीसपैकी सोळा दिले आणि समासात दोन ओळी लिहिल्या.

पाकीट उघडलं तेव्हा ती पहिली आली होती. दुसऱ्यापेक्षा दीड गुण जास्त. नाव ऐकून प्राध्यापक म्हणाले, "तिचे आधीचे तीन पेपर असतील तुमच्याकडे. पाठवून द्या."

निकालाच्या दिवशी ती स्टाफरूममध्ये आली. प्राध्यापकांनी स्वतः तिच्या हातात पेपर दिला. तिने गुण पाहिले, मग उभ्याउभ्याच समासातला शेरा वाचला : 'सुरुवात उत्तम. पण चालकाचे काय झाले? ते तिसऱ्या ओळीत हवे होते.'

"खरं हाय, सर," ती म्हणाली. "चालक राहूनच गेला." पेपराची घडी घालताना तिने विचारलं, "हा मी ठेवू का?"

"ठेव. आणि अक्षर सुधार."

"आता कशाला, सर? तिथं सगळं टाईपच हाय."

"नोकरीचा अर्ज हातानेच लिहावा लागतो," प्राध्यापक म्हणाले आणि त्यांनी टेबलावरचा कोरा कागद तिच्यापुढे सरकवला. त्यांच्यासमोर बसून तिने तो लिहिला. शब्द एकमेकांवर चढलेलेच होते. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला आणि माझ्याकडे दिला.