दादाचा ग्रिडचा तास

आमगावला स्टेशनपासून जवळच माझ्या दादाचा कॉम्प्युटर क्लास होता. वेबसाइट कशी बनवायची ते मी तिथंच शिकले, सख्ख्या भावाकडून, चुकले की डोक्यात टपली खाऊन. आज नागपुरात त्याच कामावर माझं पोट चालतं. तेव्हा सगळं पान टेबलात बसवायचं, एवढ्या ओळी, एवढे रकाने. दादा म्हणायचा, "पान म्हणजे धानाची बांधी हाय बाई. धुरा पक्का बांध, मंग पाणी आपल्या जागी राहते." म्हणून शेताला बांध घालावा तशी प्रत्येक चौकटीची रुंदी तो आकड्यात बांधून टाकायचा. पुढं टेबल गेलं, फ्लोट आलं. चौकटी डावीउजवीकडे ढकलून बसवायच्या. तेही तो रडतकढत शिकला, पण रुंदी बांधायचं काही सोडलं नाही. धानाच्या मुलखातला माणूस, धुरा मोकळा ठेवायचा म्हटलं की त्याच्या जिवावर यायचं.

मग लोक मोबाईलवर पानं बघायला लागले. पडदा केवढा असेल याचा नेमच राहिला नाही. फ्लेक्स आलं, ग्रिड आलं. आता रुंदी बांधायची नाही, जागा मिळेल तसं पानाला पसरू द्यायचं, आखडू द्यायचं. दादाचा क्लास ओस पडला. गोंदियाचे क्लास बघून आलेली पोरं तोंडावर म्हणायची, "सर, ये तो पुराना है." असा संताप यायचा मला! पण पोरं खोटं कुठं बोलत होती?

या दिवाळीला घरी गेले तेव्हा दादानं सांगून टाकलं, नवीन बॅच घेतो, ग्रिड शिकवतो. जमलं तर क्लास, नाही तर मामाच्या राईस मिलमध्ये काम. "शिकव मले," म्हणाला. ज्यानं मला माउस धरायला शिकवलं तो माझ्यासमोर मांडी घालून बसला. गावोगावी मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, भरत होती, रात्री नाटकं होत होती; आम्ही दोघं कुठंच गेलो नाही. कोडच्या चार ओळींत तीन रकाने आपोआप बसले तेव्हा तो बघतच राहिला. "एवढंच? मंग मी इतके वर्ष काय हमाली करून राहिलो होतो?" हसला, पण ते हसणं मला बघवलं नाही. तरी शिकला. घरी तर पान अगदी झकास जमायचं त्याला.

पहिल्या तासाला मी शेवटच्या बाकावर बसले. थोडीच पोरंपोरी होती, पण होती. दादानं बोलता बोलता पान लिहिलं आणि ग्रुपवर लिंक टाकली. मी पडद्याकडे पाहिलं. हाताच्या सवयीनं त्यानं सगळ्यात वर रुंदी बांधली होती, नऊशे साठ पिक्सेल, मोबाईलमध्ये न मावणारी.

एक पोरगी हळूच म्हणाली, "सर, माया मोबाईलवर अर्धंच दिसून राहिलं."

"आडवा कर," दादा बोलून गेला.

तिनं मोबाईल आडवा केला. मग बाजूच्यानं केला. मग सगळ्यांनीच केले. तरी उजवी कड कापलेलीच. मोबाईल तसेच आडवे धरून माना हलवत बसली सगळी. "दिसते सर, आता दिसते," ती पोरगी म्हणाली. दादानं वाकून तिच्या मोबाईलमध्ये पाहिलं. मग सरळ झाला आणि उरलेला तास नीट शिकवला.

परत येताना रेल्वे फाटक बंद होतं. मोटारसायकल थांबवून दादा पुढं बघतच म्हणाला, "हासले असते तं बरं झालं असतं बाई. मी चिडलो असतो, दोन शिव्या देल्लो असतो, उद्या पुन्हा शिकवलो असतो. त्यायले मायी कीव आली."

"अरे, एक ओळ तर चुकली. उद्या काढून टाक ना," मी म्हटलं. रडू दाबत होते, त्यामुळे जरा ओरडूनच म्हटलं.

"ओळ तं काढता येते," म्हणाला. फाटक उघडलं. सोमवारपासून तो मिलमध्ये जायला लागला.